फेरूल एवढं काही दुर्मिळ नाहीये

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोजच्या वस्तूंची माहीत नसलेली इंग्रजी नावं अशी एक चौकट आली होती, ती आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतेय आणि जो तो विचारतोय सांगा बघू बुटाच्या लेसच्या टोकाला काय म्हणतात. एग्लेट. बरं. वाचायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण मी हार्डवेअर आणि सॅनिटरी मालाची ऑनलाइन लिस्टिंग बनवतो, म्हणजे गिऱ्हाईक ज्या वस्तूला "ते नसतं का ते" म्हणतं तिला इंग्रजीत असं नाव द्यायचं की सर्च केल्यावर ती सापडली पाहिजे, हेच दिवसभर काम, आणि त्या चौकटीतली निम्मी नावं मी टाकली ना तर माल गोडाऊनमध्येच पडून राहील.

फेरूलचंच घ्या. पेन्सिलीला खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी म्हणजे फेरूल, इथपर्यंत बरोबर आहे. पण पुढे लिहिलंय हा शब्द फारसा कोणाला माहीत नसतो. अहो कोणाला माहीत नसतो? पाण्याचं नवीन कनेक्शन घेतलेल्या माणसाला विचारा. रस्त्याखालच्या मेन लाइनला भोक पाडून त्यात जो पितळी नग बसवतात आणि जिथून घराकडे पाइप निघतो, त्याला आपला प्लंबर फेरूलच म्हणतो, अर्धा इंची फेरूल, पाऊण इंची फेरूल. भोसरी चाकणकडे कारखान्यांत विजेच्या पॅनलचं वायरिंग करणारी पोरं वायरच्या टोकावर नंबर छापलेली बारीक नळी चढवतात, तीही फेरूल. रंगाच्या ब्रशचे केस दांड्याला आवळून धरणारा पत्रा फेरूल, काठीच्या खालच्या टोकाची टोपी पण फेरूलच. लॅटिनमधल्या छोटं कडं अशा अर्थाच्या शब्दावरून हा आलाय आणि या बहुतेक वस्तू बघितल्या तर टोकाला नाहीतर जोडावर बसणारं कडंच आहे ते. म्हणजे जो शब्द इंग्रजी मीडियमच्या मुलाला माहीत नाही तो नळाच्या कामावरच्या बिगाऱ्याला माहितीये, आणि हे त्या चौकटीत यायला पाहिजे होतं असं मला वाटतं. ग्रोमेटचं पण तेच, पत्र्याच्या भोकातून वायर जाताना कापू नये म्हणून जी रबरी रिंग बसवतात ती, गाडीच्या वायरमनला विचारा लगेच काढून देईल.

याच्या उलट झर्फ. कॉफीच्या कागदी कपावर हात भाजू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी असते तिला झर्फ म्हणतात असं प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं. झर्फ म्हणजे तुर्कांकडे बिनकानाच्या कॉफीच्या कपाला खालून धरायला धातूचं नक्षीदार भांडं असायचं ते. कॅफेतल्या मुलाला झर्फ मागून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, कारण कॅफेवाले आणि पॅकेजिंगवाले सगळे स्लीव्ह म्हणतात. फोनवरच्या त्या चार रेघांच्या # खुणेला ऑक्टोथॉर्प म्हणे. हे नाव अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या इंजिनिअर लोकांनी 1960 च्या दशकात बटणांचे फोन आले तेव्हा काढलं, ते का आणि कसं काढलं याच्याच चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, पण लोक हॅशच म्हणत राहिले नाहीतर अमेरिकेत पाउंड, आणि 2007 ला ट्विटरवर हॅशटॅग सुरू झाल्यावर तर विषयच संपला.

बनवणाऱ्याने ठेवलेलं नाव पण चालतंच असं नाही. पिझ्झाच्या खोक्यात झाकण चीजला चिकटू नये म्हणून मधोमध तीन पायांचं पांढरं प्लॅस्टिकचं टेबल असतं बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले नावाच्या बाईंना 1985 ला त्याचं पेटंट मिळालं, पेटंटवर नाव आहे पॅकेज सेव्हर. लोक म्हणतात पिझ्झा सेव्हर, पिझ्झा टेबल, आणि बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत, उचलतात आणि टाकून देतात. परदेशात ब्रेडच्या पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा चपटा तुकडा लावतात, त्याला कोणी ब्रेड क्लिप म्हणतं कोणी टॅब, ऑस्ट्रेलियात टॅग. इंग्रजी ज्यांच्या घरात बोलतात त्यांचंच एकमत नाही, मग आपण कुठलं एक नाव पाठ करायचं?

आणि देशागणिक बदलतं ते वेगळंच. आपल्याकडे दुकानात जाऊन अल्ड्रॉप द्या म्हटलं की पोऱ्या विचारतो किती इंची. आडवी गोल सळई, तिला मधे चपटी जीभ, सळई सरकवून समोरच्या भोकात घालायची, मग जीभ खाली पाडून कोयंड्यात अडकवायची आणि वरून कुलूप. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, मागच्या शेडच्या दाराला बसवायला त्याने तिकडच्या दुकानात अल्ड्रॉप मागितला तर तिथल्या माणसाला वाटलं हा कुठल्या तरी कंपनीचं नाव सांगतोय. अल्ड्रॉप हा आपल्या इकडच्या हार्डवेअरचा इंग्रजी शब्द आहे, तिकडे चालत नाही, शेवटी फोटो दाखवल्यावर स्लाइड बोल्ट म्हणून मिळाला. दार आतून बंद करायच्या ज्या सरकत्या कडीला आपण टॉवर बोल्ट म्हणतो ती अमेरिकेत बॅरल बोल्ट. नळ भिंतीला चिकटतो तिथे जी गोल चकती असते ती आपल्याकडे फ्लेंज, तिकडच्या कॅटलॉगमध्ये एस्कचन. आपली काय नि तिकडची काय, नावं सगळी इंग्रजीच.

मला रोज सगळ्यात जास्त छळतं ते नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीचं. क्षार बसून धार वाकडी व्हायला लागली की लोकांना ती बदलायची असते आणि सर्चमध्ये काय काय टाकतात, टॅप जाली, नल का फिल्टर, फोम वाला पार्ट. नाव एरेटर, सॅनिटरीच्या दुकानात फोम फ्लो म्हणाल तरी कळेल. पण खरं सांगायचं तर नुसतं नाव कळून भागत नाही, बऱ्याच नळांना आतून आटे असले तर 24 मिलिमीटरचा लागतो आणि बाहेरून असले तर 22 चा, हे न बघता मागवलेले निम्मे परत येतात. म्हणून मी लिस्टिंगमध्ये एरेटर, टॅप जाली, फोम फ्लो सगळंच टाकतो, इंग्रजीचे मास्तर हसले तर हसू देत.

तर विनंती एवढीच की असं सदर चालवणार असाल तर प्रत्येक वस्तूचा फोटो टाका, खाली कोशातलं नाव, त्याच्या शेजारी आपल्या बाजारात काय म्हणतात आणि अमेरिका-इंग्लंडमध्ये काय म्हणतात ते. गावाकडच्या बायकांना आणि सुतार-लोहारांना पण विचारा, कोयंडा, खिट्टी, अडसर असे एकेका भागाचे शब्द त्यांच्याकडे आहेत आणि त्यांची इंग्रजी नावं शोधणं हे लेसच्या टोकापेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे. माणूस पाठवायचा असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत पाठवा, पण दुकान उघडल्या उघडल्या पाठवा, एकदा गर्दी झाली की तिथे कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे