‘डेसिमेट’ या शब्दाचे मराठी करताना

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील भाषाविषयक स्तंभात ‘डेसिमेट’ या इंग्रजी शब्दाविषयी असे म्हटले आहे की, या शब्दाचा खरा अर्थ दहातील एकाला मारणे एवढाच असून ‘प्रचंड हानी करणे’ या अर्थी तो वापरणारे इंग्रज लोक स्वतःचीच भाषा चुकीची बोलतात. त्याच आठवड्यात आतल्या पानावर एका इंग्रजी वृत्ताचे भाषांतर होते आणि त्यात भारतातील गिधाडे ‘नामशेष झाली’ असे वाक्य होते. मूळ इंग्रजी मजकूर मी वाचला आहे. तिथे ‘डेसिमेटेड’ हाच शब्द आहे. या एका शब्दाचे आठवड्याभरात दोन अर्थ वाचकांपुढे आले आणि माझ्या मते ते दोन्ही इंग्रजीतल्या आजच्या वापराशी जुळत नाहीत. गेली अनेक वर्षे मी इंग्रजीतून मराठीत अहवाल आणि लेख आणण्याचे काम करतो, त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

स्तंभलेखकांनी सांगितलेली व्युत्पत्ती बरोबर आहे. लॅटिनमधला ‘डेकेम’ आणि आपला ‘दहा’ हे मुळात एकाच घरचे शब्द. रोमन सैन्यात एखादी तुकडी रणांगणातून पळाली किंवा तिने बंड केले, की तिला देण्याची ही शिक्षा होती. सैनिकांचे दहा-दहांचे गट पाडत, चिठ्ठ्या टाकत आणि ज्याची चिठ्ठी निघे त्याला त्याच्याच सोबत्यांकडून ठार करवत. उरलेल्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा मिळे आणि त्यांचा मुक्काम छावणीच्या तटबंदीबाहेर हलवला जाई. स्पार्टाकस या गुलामाने केलेल्या उठावाच्या वेळी, इ. स. पू. ७२-७१ च्या सुमारास, क्रॅसस या सेनापतीने पळालेल्या पाचशे जणांचे पन्नास गट पाडून प्रत्येकी एकाला असे मारवले, अशी नोंद प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने केली आहे. म्हणजे पाचशेत पन्नास गेले आणि साडेचारशे उरले. या शिक्षेचा हेतू उरलेल्यांना जरब बसवण्याचा होता, हे ध्यानात घ्यायला हवे. पुढे इंग्रजीत या शब्दाचा संबंध दशमांश कराशीही आला. इंग्लंडमध्ये राजेशाही उलथल्यावर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत, १६५५ मध्ये, राजाच्या बाजूने लढलेल्या जमीनदारांच्या उत्पन्नावर जो दहा टक्के कर बसवला गेला त्यालाही ‘डेसिमेशन’च म्हणत.

मात्र इथपर्यंतचा इतिहास खरा असला तरी त्यावरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. सतराव्या शतकातच इंग्रजीत हा शब्द रोग, युद्ध किंवा दुष्काळ यांनी माणसांची संख्या भयंकर घटली या अर्थी येऊ लागला, आणि आज इंग्रजीचे मोठे शब्दकोश हा अर्थ कसलीही कुरकुर न करता देतात. डिसेंबर हा मुळात दहावा महिना; तो बारावा झाला म्हणून कोणी कॅलेंडर दुरुस्त करायला निघत नाही. आपल्या भाषेतलेच पाहू. ‘बेचिराख’ हा शब्द फारसीतल्या ‘चिराग’वरून, म्हणजे दिव्यावरून आला. ज्या वस्तीत दिवा लावायलाही कोणी उरले नाही ती बेचिराख. तरीही आज तो शब्द लिहिताना आणि वाचताना बहुतेकांच्या मनात राख येते आणि जळालेले गाव डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांना आपण मराठी येत नाही असे म्हणत नाही. ‘खुर्दा’ म्हणजे सुटी नाणी, पण ‘सैन्याचा खुर्दा उडाला’ हे वाक्य वाचून किती नाणी होती असेही कोणी विचारत नाही. जी मोकळीक आपण आपल्या शब्दांना देतो ती इंग्रजीलाही दिली पाहिजे.

मूळ अर्थाच्या आग्रहापायी काय होते याचा मला स्वतःला अनुभव आहे. कामाला सुरुवात केली तेव्हा चौदाव्या शतकातल्या युरोपातील प्लेगवरचा एक लेख माझ्याकडे आला होता. हाताशी असलेल्या छोट्या कोशात ‘डेसिमेट’समोर ‘दर दहांतून एकास मारणे’ एवढेच दिले होते. मी त्याच्याशी प्रामाणिक राहून ‘युरोपची लोकसंख्या दहा टक्क्यांनी घटली’ असे लिहिले आणि ते तसेच छापून आले. १३४७ ते १३५१ या काळात त्या साथीने युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे नेली होती. माझे वाक्य कोशाप्रमाणे अचूक होते आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने साफ खोटे. एका वृद्ध वाचकाने पोस्टकार्ड पाठवून विचारले होते, ‘बाकीची माणसे आपण कुठे ठेवलीत?’ ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे.

आता दुसरी बाजू, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. रोजच्या इंग्रजीत ‘डेसिमेट’ शब्द कुठे येतो ते नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. दुखापतींनी संघ डेसिमेट होतो, खर्चकपातीने एखादे खाते डेसिमेट होते, किडीने जंगल डेसिमेट होते. या सगळ्या ठिकाणी मोजता येणारा समूह आहे, त्यातले पुष्कळ गेले आहेत आणि काही उरले आहेत. दहा हा आकडा गळून पडला, पण मोजदाद आणि उरलेले हे दोन्ही शब्दाला अजून चिकटून आहेत. म्हणूनच एकट्या घराला किंवा मोटारीला ‘डेसिमेटेड’ म्हटले की काळजीपूर्वक लिहिणाऱ्या इंग्रजी लेखकाच्या कानाला ते खटकते. ‘पूर्णपणे डेसिमेट’ किंवा ‘पन्नास टक्के डेसिमेट’ यांवरही तिथले संपादक लाल खूण करतात. तरुण मंडळी समोरचे ताट फस्त केले तरी हाच शब्द वापरतात. तिथे आपल्याकडचा ‘फडशा पाडला’ चपखल बसतो. तो बोलण्यातला उत्साह आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खेळाच्या पानावर ‘धुव्वा उडवला’ चालून जाते. बातमीत माणसे, पक्षी किंवा झाडे यांची गणना असेल तेव्हा मात्र उरलेल्यांना विसरून चालत नाही.

गिधाडांच्या बातमीत नेमके हेच झाले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि थवेच्या थवे मेले. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे गणनांवरून दिसले. जनावरांसाठी या औषधाचा वापर भारताने २००६ मध्ये बंद केला. रोमन हिशेबाने दहात नऊ उरायला हवेत; इथे हजारात एक उरले. इतके असूनही ती नामशेष झालेली नाहीत, आणि जे थोडे पक्षी उरले त्यांच्यासाठीच बंदी आहे, प्रजनन केंद्रे आहेत, रानात पुन्हा सोडण्याचे प्रयत्न आहेत. ‘नामशेष’ म्हणजे फक्त नाव शेष. अमेरिकेतील पॅसेंजर कबुतर नामशेष झाले. त्या जातीची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या कबुतरासाठी जो शब्द लागतो तोच गिधाडांना लावला, तर वाचणाऱ्याला वाटते की आता करण्यासारखे काही राहिलेले नाही, आणि तो पान उलटतो. भाषांतरातल्या एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून माझा जीव तुटतो.

मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. ‘संख्या रोडावली’ हे सौम्य आहे, पण घट हळूहळू झाली असेल तिथे ते शोभते. घाला अचानक पडला असेल तर ‘बोटांवर मोजण्याइतकी उरली’ असे म्हणता येते. ‘जबर हानी होऊन थोडीच शिल्लक राहिली’ हे लांब वाटले तरी खरे बोलते. सैन्याबाबत ‘दाणादाण’ लिहिताना मी थोडा थांबतो, कारण दाणादाणीत माणसे पांगतात, मरतातच असे नाही. ‘नेस्तनाबूत’, ‘निर्वंश’, ‘नामशेष’ हे तिन्ही शब्द शेवटचा माणूस किंवा पक्षी गेल्याखेरीज वापरू नयेत, असे मला कळकळीने वाटते. माझ्यापुरता मी एक नेम केला आहे: मूळ मजकुरात ‘डेसिमेट’ दिसला की आधी किती होते आणि किती उरले हे शोधायचे, आकडे मिळाले तर ते लिहायचे आणि मगच क्रियापद निवडायचे.

आपल्या दैनिकाने गिधाडांच्या त्या बातमीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी आणि तिच्यात ही गिधाडे अजून आहेत हे स्पष्ट सांगावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक भाषांतरकार वाचक