‘एकटीने’ या शब्दाबद्दल

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर पानभर लेख आला होता. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही पायवाट २,१९० मैलांहून थोडी जास्तच भरते, म्हणजे साधारण ३,५०० किलोमीटर. ती एकाच हंगामात सलग चालून जाणाऱ्यांविषयी लेख होता. माहिती नेटकी, फोटो सुंदर. मथळ्यातला ‘एकटीने’ हा शब्द मात्र माझ्या घशात अडकला आणि अजून खाली उतरलेला नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी २०२२ साली ही वाट चालली. २० मार्चला निघाली, १२ सप्टेंबरला कटाडिनच्या माथ्यावर पोचली. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो आणि ही वाट आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर आहे. तिचं कौतुक करताना सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द होता, ‘एकटीने केलंस!’ ती स्वतः तो कधीच वापरत नाही. कुणी म्हटलंच तर माझ्याकडे बोट दाखवते आणि विचारते, ‘‘मग हिने सहा महिने तळघरात काय केलं?’’

तळघरात मी खिचडी वाळवत होते.

जानेवारीत तिने मला अन्न सुकवायचं यंत्र आणून दिलं. पाच ताटल्या, मागे पंखा, दिसायला अगदी बापुडवाणं. मूगडाळ-तांदळाची खिचडी गुरगुटी शिजवायची, ताटलीतल्या कागदावर पातळ पसरायची आणि आठ-नऊ तास यंत्र चालू ठेवायचं. पहिल्या खेपेला मी सवयीने तूप सोडलं. तूप काही सुकत नाही. महिन्याभराने पिशवी उघडली तर खवट वास, सगळं फेकलं. मग फोडणीसुद्धा कोरडी, जिऱ्या-हिंगाची. नीट वाळलेली खिचडी हाताने कुस्करली की जाड रव्यासारखी होते. मापून पिशवीत भरायची. वाटेवर उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं झाकून ठेवली की जेवण तयार. तूप वेगळ्या बाटलीतून. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी जाळणाऱ्या माणसाला कमी वजनात जास्त ताकद हवी असते आणि त्या बाबतीत तुपाचा हात कोण धरणार? पाठीवर न्यायच्या सामानात दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा कापून टाकणारे लोक हे, पण तुपाच्या बाटलीला कुणी हरकत घेत नाही.

असे अकरा खोके मी पाठवले. इथल्या पोस्टाची ‘जनरल डिलिव्हरी’ नावाची जुनी सोय आहे. गावात घर नसलेल्या माणसाच्या नावाने त्या गावच्या पोस्टात पार्सल पाठवायचं. खोक्यावर ‘वाटेवरून चालणाऱ्यासाठी ठेवावे’ असं आणि तो पोचण्याची अंदाजे तारीख लिहिली, की पोस्ट ते तीस दिवसांपर्यंत सांभाळतं. ओळखपत्र दाखवून घ्यायचं. ऐकायला किती सोपं! यात माझी जी चूक झाली ती इथे लिहिते, कारण अशा गोष्टी लेखांत कधी येत नाहीत.

व्हर्जिनियातलं एक छोटं गाव. खोका वेळेत पोचला होता, मुलगीही वेळेत पोचली. शनिवारी दुपारी एक वाजता. ते पोस्ट शनिवारी दोनच तास उघडं असतं, तेही सकाळी. मी पत्ता तपासला, अंतराचं गणित तीनदा केलं, पण पोस्टाच्या वेळा काही पाहिल्या नाहीत. मुलीच्या पिशवीत तेव्हा एक चॉकलेट आणि मूठभर शेंगदाणे होते. सोमवार सकाळपर्यंत, म्हणजे दोन रात्री, तिला तिथेच थांबावं लागलं. ती काही बोलली नाही. तिच्याबरोबर चालणारे चौघे मात्र पुढे गेले आणि त्यांना गाठायला तिला दहा दिवस लागले. त्यानंतर मी प्रत्येक पोस्टाला फोन करून वेळा लिहून घेतल्या. तो कागद अजून यंत्राजवळच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

जूनपर्यंत तिला खिचडीचा वीट आला होता. वाटेवरच्या मुक्कामांत एक पेटी असते. आपल्याला नको ते त्यात टाकायचं, दुसऱ्याने टाकलेलं हवं ते घ्यायचं. माझ्या खिचडीच्या पुड्या म्हणे त्या पेटीत पडायच्या आणि पाच मिनिटांत उचलल्या जायच्या. इथे चालणाऱ्या प्रत्येकाला वाटेवर एक टोपणनाव मिळतं; हिचं पडलं ‘डबा’. मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. सहा महिन्यांचं जेवण घरी बसून ठरवायचं आणि चालणाऱ्याच्या जिभेने ते मुकाट्याने पाळायचं, हा माझाच हट्ट होता. पुढच्या खोक्यांत मी जेवण निम्म्यावर आणलं. मोजे, औषधं, पायाला लावायची पट्टी, पुढच्या टप्प्याचे नकाशे आणि एखादी चिठ्ठी, एवढंच जास्त ठेवलं.

पाठीशी असणं आणि मानगुटीवर बसणं यांत फार अंतर नसतं, हे आम्हाला उपग्रहाच्या यंत्राने शिकवलं. मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणाहून निरोप देणारं ते यंत्र दर दहा मिनिटांनी नकाशावर एक ठिपका टाकायचं. यजमानांनी तो नकाशा मोठ्या पडद्यावर लावून ठेवला. आम्ही जेवताना ठिपका बघायचो, झोपताना बघायचो. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ठिपका थांबला तो हलेना. रात्रभर आम्ही दोघं जागे. पहाटे यजमान वनखात्याला फोन करायला निघाले, एवढ्यात तिचा निरोप आला, ‘‘शेल्टरमध्ये पत्र्याखाली झोपले होते, यंत्र पिशवीतच राहिलं. का?’’ त्या ‘का?’नंतर आम्ही ठिपके बघणं सोडलं. रात्री मुक्कामाला पोचल्यावर ‘ठीक’ एवढाच एक निरोप, बस. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धीर धरायचा, हेही ठरलं.

मित्रमैत्रिणींचं तर वेगळंच पत्र होईल. एकीने तिचं मांजर सांभाळलं. एकाने तिचं टपाल उघडून गाडीच्या विम्याचा हप्ता वेळेत भरला. चालून चालून पाय पसरतात, हिचे दीड साइझने वाढले; तेव्हा तिसरी तीन जोड बूट घेऊन व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात आली. हिने एक घातला, उरलेले दोन तिने परत केले. प्रेमाने आलेली माणसं तीन दिवस राहिली आणि पुन्हा तेच झालं, हिची सोबतची टोळी चाळीस मैल पुढे गेली. भेटीलाही किंमत असते आणि ती चालणाऱ्याला मोजावी लागते. हे मैत्रिणींना सांगणार कोण? शेवटी मीच सांगितलं, वाईटपणा घेऊन.

वेगाचे विक्रम नोंदवणारी मंडळी या बाबतीत वर्तमानपत्रांपेक्षा प्रामाणिक आहेत, असं माझं मत झालंय. त्यांच्या वहीत मदतीसह केलेला विक्रम आणि मदतीविना केलेला विक्रम हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहितात. जेनिफर फार डेव्हिस २०११ साली ही वाट ४६ दिवस ११ तासांत चालली, तेव्हा तिचा नवरा जिथे जिथे रस्ता वाटेला छेदतो तिथे गाडी घेऊन उभा असायचा. टारा डॉवरने २०२४ मध्ये कटाडिनहून दक्षिणेकडे येत ४० दिवस १८ तासांत वाट संपवली. तिच्या मदत पथकात तिची आई होती. त्यांचा विक्रम ‘मदतीसह’ म्हणून लिहिला गेला आणि तो तसूभरही कमी झाला नाही. मग आपल्याच मथळ्यांना ‘एकटीने’ची एवढी गरज का पडते?

१९५५ साली ६७ व्या वर्षी ही वाट पूर्ण चाललेल्या एमा गेटवूड आजींचं उदाहरण कुणी देईल. अकरा मुलांची आई, पाठीवर घरी शिवलेली झोळी, पायात साधे कॅनव्हासचे बूट. ‘जरा चालून येते’ एवढंच घरी सांगून निघाल्या होत्या. घरचं कुणी पाठीशी नव्हतं हे खरं. पण वाटेवरच्या कितीतरी अनोळखी घरांनी त्यांना जेवू-झोपू घातलं. काहींनी दारही लावलं.

आता पेनसिल्व्हेनियाचं सांगते, कारण माझ्या मते मदतीची खरी परीक्षा तिथे झाली. या राज्याच्या उत्तर भागात वाट म्हणजे नुसते अणकुचीदार दगड, मैलोन् मैल. बुटांचे तळ फाटतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सलग चौथ्या दिवशी पाऊस, गुडघा सुजलेला, अशा अवस्थेत तिचा फोन आला. रडत होती. ‘‘बाबा, घ्यायला या.’’ घर फक्त अडीच तासांवर! यजमानांनी गाडीची किल्ली उचललीसुद्धा.

निघण्यापूर्वी तिने स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून आमच्या फ्रिजवर लावला होता. ‘पावसात, उपाशीपोटी किंवा रडत असताना मी घरी येते म्हणाले तर हो म्हणू नका. दोन रात्री कोरड्या गादीवर झोपवा, पोटभर खायला घाला आणि मग विचारा.’ मी तो कागद काढून यजमानांच्या हातात दिला. इतकं कठोर मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

आम्ही गेलो, पण घरी नाही आणलं. जवळच्या मोटेलात दोन खोल्या घेतल्या. तिचे कपडे तीनदा धुतले तरी वास जाईना. पहिला दिवस ती झोपून होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. गुडघ्यात मोडतोड काही नव्हती, गोचिडीच्या चाव्याची खूणही कुठे नव्हती; गोचिडीमुळे होणारा लाइमचा आजार या भागात फार, म्हणून ती भीती होतीच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी विचारलं, ‘‘बोल, काय करायचं?’’ ती म्हणाली, ‘‘जिथून उचललं तिथेच सोडा.’’

या वाटेवर झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच अशा पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, त्यांच्या खुणेनं चालायचं. यजमानांनी गाडी नेमकी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबवली. पोरगी रस्ता ओलांडून मागे आली, ज्या झाडापाशी आम्ही तिला उचललं होतं त्या पट्टीवर तिने हात ठेवला आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. आठ-दहा पावलांचाच फरक! यजमान म्हणाले, ‘‘ही मला गणितात अशी कधी दिसली नाही.’’

माझ्या वाट्याला आली ती हार्पर्स फेरी या गावानंतरची तीन मैलांची वाट. तिथे ती पोटोमॅक नदी ओलांडून जुन्या कालव्याच्या काठाने जाते, अगदी सपाट. माझ्या गुडघ्यांना झेपेल अशी सगळ्या वाटेतली ती बहुधा एकमेव जागा. तिचं सामान त्या दिवशी गाडीत होतं. असं सामान न घेता चालणं म्हणजे फसवणूक, असं मानणारे कर्मठ लोक वाटेवर पुष्कळ आहेत. पण पूर्ण वाट चालल्याची नोंद ठेवणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सामान कोणी वाहिलं हे विचारत नाही. वाट चाललात की नाही एवढंच विचारते, तेही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून. त्या तीन मैलांत पोरगी दर शंभर पावलांनी थांबून माझी वाट बघत होती. लहानपणी मी थांबायचे.

मेनमध्ये केनेबेक नदी लागते. वरच्या धरणातून पाणी कधी सुटेल याचा नेम नसल्याने ती पायी ओलांडणं धोक्याचं. म्हणून तिथे होडी ठेवली आहे आणि नावाडी चालणाऱ्यांना फुकट पलीकडे पोचवतो. वाटेची अधिकृत आखणीच त्या होडीतून जाते, म्हणून होडीच्या तळालाही एक पांढरी पट्टी रंगवलेली आहे. मुलीने त्या पट्टीचा फोटो मला पाठवला होता. तिचे चिखलाचे बूट आणि दोन बुटांच्या मध्ये ती पट्टी. तुमच्या लेखातली ‘एकटी’ चालणारी बाईसुद्धा याच होडीत बसली असणार, तिच्यासाठीही कुणीतरी वल्हं मारलं असणार.

मुलीच्या चालण्याचं श्रेय मला नको आहे. ३,५०० किलोमीटर माझे पाय दुखले नाहीत, तिचे दुखले. सुरू करणाऱ्या चौघांपैकी जेमतेम एक जण ही वाट पूर्ण करतो आणि त्या एकात ती आहे, याचा अभिमान मी कुठे ठेवू असं होतं. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. पुन्हा कधी असा लेख छापाल तर चालणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, खोके कुणी पाठवले? उत्तर छापायला दोन ओळी लागतील. आणि मथळ्यात जागा भरायलाच हवी असेल तर ‘पायी’ लिहा, ते खरं आहे.

आपली,
एक वाचक, मेरीलँड, अमेरिका

ता. क. कुणा वाचकाचं मूल अशा वाटेला निघणार असेल तर खोक्यावर त्याचं घरचं नाव लिहू नये. पहिल्या खोक्यावर मी सवयीने ‘छकुली’ लिहिलं होतं. ओळखपत्रावर ते नाव नसल्याने पोस्टातल्या बाईंनी खोका देण्याआधी आत काय आहे ते तिला तोंडी सांगायला लावलं.