आधी टायर काढ

शाहूपुरी, सातारा

प्रिय मन्या,

तुझ्या हायब्रीड स्पोर्ट्स कारची चित्रं मिळाली. काल दुकानाचं शटर ओढल्यावर तासभर तीच बघत बसलो होतो. मागच्या चाकावरनं दारापर्यंत उतरलेली ती रेघ फार देखणी जमलीय. पण टायरच्या जागी तू नुसतं काळं वर्तुळ काढलंस, आणि माझं मन तिथंच अडकलं.

अरे, गाडी केवढीही असू दे, रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. परवा कास पठारावरनं आलेली एक गाडी दुकानात चाकांच्या अलाइनमेंटला लागली होती. बाहेरून टायर धडधाकट. आतल्या कडेनं हात फिरवला तर पार गोटा, तार बोटाला लागली. मालकाला पत्ताच नाही, आणि यवतेश्वर घाटाच्या वळणांवर लाल चिखल वाहून आलेला. त्या टायरला तोंड असतं तर, असं दिवसभर मनात येत राहिलं.

तसे बोलके टायर आता आलेतही. २०२१ सालच्या मॅक्लारेन आर्टुराला पिरेलीचे सायबर टायर कंपनीतूनच येतात. आतला सेन्सर हवेचा दाब आणि तापमान थेट गाडीला कळवतो. गाडीही तुझ्याच वाटेवरची: ३ लिटरचं व्ही ६ इंजिन, जोडीला ९५ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) विजेची मोटर, मिळून ६८० पीएस. पण मला वेड लावलं ते कॉन्टिनेंटलनं २०१७ मध्ये मांडलेल्या कॉन्टिअॅडाप्टच्या कल्पनेनं. चाकातच हवा भरणारे बारके कॉम्प्रेसर, आणि रिमची रुंदी कमीजास्त होणारी. म्हणजे गाडी चालू असतानाच हवाही बदलायची आणि रस्त्याला टेकणारी जागाही.

आपल्या घाटाला हेच पाहिजे. कोरड्यात रुंद टायर रस्ता घट्ट धरतो, पण साचलेल्या पाण्यावर तोच तरंगायला लागतो. अरुंद, टणक टायर पाणी कापत डांबराला भिडतो. त्यात तुझी गाडी हायब्रीड. मोटरचा जोर पाय ठेवताक्षणी चाकात उतरणार, आणि उतारावर मोटरनंच गाडी अडवून बॅटरी भरायची तीही त्याच टायरच्या जोरावर. पकड किती उरलीय हे टायरनं आधीच सांगितलं तर मोटर हात आखडता घेईल. चाक घसरल्यावर कळून काय उपयोग?

म्हणून कागदावर आधी टायर काढ, मग त्यावर गाडी चढव. रुंदी बदलायची तर चाकाच्या कमानीत जागा ठेवावी लागेल. कॉम्प्रेसरचं वजन स्प्रिंगच्या खाली, चाकावरच पडणार, खड्ड्यात दणका वाढणार. त्याचा विचार आत्ताच कर. घाटातल्या गाड्यांचे टायर कुठं नि किती झिजतात, याची वही मी जूनपासून लिहितोय. ती सगळी तुझी.

आषाढात ये. पहाटे धुक्यात यवतेश्वर चढू, पावसातच उतरू, आणि खाली आल्यावर चारही टायरना हात लावून बघू. आई म्हणते, मुक्कामालाच ये.

तुझाच,
बाळू