पहिली ते चौथीच्या मुलांनी कुणाकडे जायचं?

मा. संपादक महोदय,
स. न.

प्राथमिक शिक्षकांसाठी झालेल्या मानसिक आरोग्य कार्यशाळेची बातमी काल आपल्या अंकात वाचली. समई पेटवतानाचा फोटो तीन कॉलम, व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं, आणि शिक्षकांना नेमकं काय शिकवलं ते एका ओळीत. माझं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं, म्हणून राहवलं नाही.

माझा नातू दुसरीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण शाळेशी नाही. पावसाळ्यातली गोष्ट. त्याने करंगळी दाखवली, तर बाई म्हणाल्या, सुट्टी झाल्यावर जा. थोड्या वेळाने पुन्हा दाखवली, पुन्हा तेच. शेवटी बाकावरच झाली. लादी पुसून होईपर्यंत त्याला वर्गासमोर उभा केला आणि मग त्याच ओल्या चड्डीवर बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, घरी पाठवला. वर्गातल्या मुलांनी त्या दिवसापासून त्याला एक नाव ठेवलंय. ते मी इथे लिहिणार नाही.

तेव्हापासून पोरगा शाळेत पाणी पीत नाही. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही. मी शाळेत जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘मुलं विसरतात हो आजी, तुम्हीच मनाला लावून घेता.’ मुलं विसरत नाहीत. मी शिकवलेली बाप्ये माणसं आज बाजारात भेटतात आणि कुणी कुणाला चौथीत काय म्हटलं होतं ते शब्दाला शब्द सांगतात.

आमच्या शाळेत बाईंच्या कपाटात खडूच्या डब्याशेजारी दोन-तीन धुतलेल्या चड्ड्या आणि एक पंचा घडी करून ठेवलेला असायचा. मुलाला हळूच मागच्या पडवीत न्यायचं, कपडे बदलायचे, बाकीच्यांना तोवर पाढे म्हणायला लावायचे. कुणाला कळायचंही नाही. याला कसलं प्रशिक्षण लागत नाही. एवढं तरी प्रत्येक शाळेत उद्यापासून होऊ शकतं. आणि मुतारीच्या दाराला कडी, नळाला पाणी. दार लागत नाही म्हणून मुली दिवसभर लघवी धरून बसतात, हे कुठल्या कार्यशाळेत सांगतात का?

त्या बाई दुष्ट नाहीत, हेही लिहायलाच हवं. त्यांच्याकडे दोन वर्ग एकत्र, वर माध्यान्ह आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. गावागावांतल्या कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत तर एकच शिक्षिका चारही वर्ग सांभाळते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत, आणि २००९ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारण्याबरोबर त्याच्या मानसिक छळालाही बंदी आहे. आपल्या गोव्याचा तर २००३ पासून स्वतःचा बाल कायदा आहे. पण वर्गात माणूसच पुरेसं नसेल, तर गप्प झालेलं मूल कुणाच्या नजरेला पडणार?

गोवा शिक्षण विकास महामंडळाने समुपदेशक दिले ते माध्यमिक आणि उच्च माध्यमिक विद्यालयांना. चांगलं केलं. पण एक तृतीयांश मानसिक आजार चौदा वर्षांच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मग पहिली ते चौथी कुणाच्या भरवशावर? भिंतीवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावला म्हणून सात वर्षांचं पोर फोन करणार नाही. त्याला ‘मला भीती वाटते’ असं सांगताच येत नाही. त्याचं पोट दुखतं, तो शर्टाची कॉलर चावतो, झोपेत दात खातो, शेजारच्याला ढकलतो. हे ओळखायला शिकलेलं माणूस शाळेत हवं. पालकांना बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तरी धसका बसतो. लोक काय म्हणतील म्हणून मूल तिथे नेतच नाहीत. शाळांच्या एका केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या, पाच-सहा शाळांना मिळून एक समुपदेशक द्या. आठवड्यातून एक दिवस तो प्रत्येक शाळेत येऊ दे, मुलांबरोबर जेवायला बसू दे, मैदानात उभा राहू दे. शिक्षण खात्याने यंदाच्या अंदाजपत्रकात तेवढी तरतूद मागावी, आणि मागितली की नाही हे आपल्या वार्ताहराने विचारावं.

जाता जाता आपल्याशीही भांडायचं आहे. दर जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर धरून रडणाऱ्या पोराचा फोटो सगळीच वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात, आपणही छापता. खाली गमतीची ओळ असते. ते मूल त्या क्षणी घाबरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो साऱ्या वाड्यावर फिरतो, वर्गातही पोचतो. येत्या जूनमध्ये तो फोटो छापू नका.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डिचोली