ट्रॉलीला नुसते रिफ्लेक्टर नकोत, चाकाचे नटही तपासा

मा. संपादक, स.न.वि.वि.

दसरा झाला की आपल्या बीड, धाराशिव, लातूर, परभणी भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगायला लागतात. उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो, कारखान्याची उचल हातात पडलेली असते आणि रस्त्याकडेच्या टायर दुकानांसमोर रांगा लागतात. जुने टायर उतरवा, रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर) चढवा, डिस्कला म्हणजे चाकाच्या लोखंडी तबकडीला रंग मारा, चाक लावा, पुढचा या! या घाईत चाकाचे नट कसे आवळले जातात याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो, उमेद त्याच कामात गेली, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

चाक नटांवर टांगलेलं असतं असा बहुतेकांचा समज आहे. तसं नसतं. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा डिस्कला आसाच्या टोकाच्या ड्रमवर दाबून धरतो. भार पेलला जातो तो या दाबामुळे. दाब कमी झाला की डिस्क ड्रमवर केसभर सरकू लागते, स्टडना आडवे हिसके बसतात, डिस्कची भोकं लांबट होतात. मग एक स्टड तुटतो, त्याचा बोजा बाकीच्यांवर येतो आणि उरलेले भराभर जातात. ड्रायव्हरला त्याआधी चाकातून टकटक ऐकू येते, पण ट्रॅक्टरच्या आवाजात आणि वर गाण्यांच्या दणदणाटात ती ऐकणार कोण?

आता आपली काळी माती घ्या. वावरातून निघालेल्या ट्रॉलीचं चाक काढून बघा. डिस्कच्या आतल्या अंगाला आणि ड्रमच्या तोंडावर मातीचा थर असतो. वाळल्यावर तो इतका पक्का बसतो की नखाने निघत नाही, पत्र्याने खरवडावा लागतो. तो तसाच ठेवून चाक चढवलं तरी नट घट्टच लागतो आणि माणूस फसतो. पण ऊस भरून ट्रॉली दोन-चार खड्ड्यांतून गेली की त्या थराचा भुगा होतो. मोकळी झालेली जागा मिलिमीटरभरही नसते, पण स्टडचा ताण जायला तेवढी पुरते. जाड रंगाचंही तेच. हौसेने दोन-दोन हात रंग मारतात, तो दाबाखाली बसतो आणि नट सैल पडतो. डिस्क जिथे ड्रमला टेकते ती जागा आणि नटाची बैठक (नट जिथे टेकतो ती खाच), एवढं सोडून बाकी कितीही रंगवा. चाक लावण्याआधी तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडं घासायला प्रत्येक चाकाला पाच मिनिटं लागतात.

दुसरं टोक म्हणजे नट आवळायची हवेची गन. नट हाताने दोन-तीन आटे फिरवून घेतलाच नाही आणि थेट गन लावली, तर आटे तिरके चढून मरतात. शिवाय ती किती जोर लावते आहे हे चालवणाऱ्याला कळत नाही. लहान मोटारीच्या नटाला साधारण 85 ते 120 न्यूटन मीटर जोर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर चाळीस किलोचा दाब दिला की जवळपास 100 भरतात. त्याच पान्यात पाइप घालून लांबी पाऊण मीटर केली आणि सत्तर किलोचा गडी वर उभा राहिला, तर आकडा 500च्या पुढे जातो. स्टड कायमचा ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकडी होऊन ब्रेक मारताना पाय थरथरतो आणि रात्री-बेरात्री पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने तो नट काही केल्या निघत नाही. आट्यांना ग्रीस फासायची सवयही सोडा. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडेच ठेवावेत.

मोटारवाल्यांनी एक आणखी बघावं. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला 2001पासून ज्यांची जोडणी होते त्या स्कोडाच्या गाड्यांना नट नसतात, हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यात) जाणारे बोल्ट असतात आणि त्यांची बैठक गोल असते. मारुती, ह्युंदाईच्या नटांची बैठक निमुळती असते. नट किंवा बोल्ट हरवला म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला तर तो कडेला टेकतो, बैठकीत बसत नाही.

गेल्या हंगामात अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर एक मोटार हात करून थांबवली, कारण मागचं चाक डुलत होतं. चालवणारा पोरगा म्हणाला, "काका, टायर कालच नवे टाकलेत." मी बसून बघितलं. दोन नटांच्या बुडापासून गंजाचे तांबडे ओघळ निघाले होते आणि नटाशेजारी डिस्कचा पत्रा घासून चंद्रकोरीसारखा चकाकत होता. नट बोटांनी फिरत होते. मागच्या सीटवर त्याची आई आणि लहान पोरं होती. ही तांबडी रेघ आणि ही चकाकी कोणालाही ओळखता येते, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही.

माझा भाचा जर्मनीत आहे. तिकडे थंडी सात अंशांखाली गेली की उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं, म्हणून वर्षातून दोनदा गाडीची चाकं बदलतात. दुकानदार टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर भरला की कट्ट वाजणाऱ्या पान्याने, आवळून देतो आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या असं बजावतो. आपल्याकडे चाकं बदलायचा हंगाम म्हणजे ऊस. मग हा रिवाज इथेही का पडू नये? बऱ्यापैकी टॉर्क पाना चार-पाच हजारांत मिळतो, टायरच्या किमतीपुढे ते काहीच नाही. आकडा लावायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यायचे, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा हात द्यायचा, कट्ट आवाज आला की थांबायचं. काम झालं की पान्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा. नट सोडायला मात्र तो पाना वापरायचा नाही, बिघडतो.

साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांना माझी विनंती आहे. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह तुम्ही धरता, ते चांगलंच आहे. पण वावरातून कारखान्यापर्यंतची पहिली खेप ही नट बसण्याची खेप असते आणि गव्हाणीसमोर (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेसमोर) ट्रॉल्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. त्या वेळात वजनकाट्याजवळ एक माणूस आणि एक पाना ठेवा. पहिल्या खेपेला प्रत्येक ट्रॉलीचा एकेक नट आवळून, नट आणि डिस्क दोन्हींवरून खडूची एक रेघ ओढून मगच गाडी आत सोडा. पुढच्या खेपेला रेघ सरकलेली दिसली की नट हललाय हे ड्रायव्हरलाही कळेल. आमच्या भागातल्या कोणत्याही कारखान्याने बोलावलं तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात यार्डात उभं राहून पोरांना हे दाखवायला मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, अंबाजोगाई