मुठीने नव्हे, तळव्याने

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला गोरिलावरचा लेख वाचला. तेव्हाच लिहायला बसले होते, पण 'रागात लिहू नकोस' असं घरातून सांगितलं गेलं, म्हणून सोमवारी लिहिते आहे. राग आहे तिथेच आहे.

लेखकमहाशयांनी गोरिलाला सहा वेळा 'माकड' म्हटलं आहे. मी मोजलं. शेपूट नसते हो त्याला, तुम्ही छापलेल्या फोटोतही दिसत नाही! वर 'हा हिंस्र प्राणी मुठींनी छाती बडवत तुटून पडतो'. तो मूठ वळतच नाही. हाताचा पसा करून तळव्यांनी थापा मारतो, म्हणून तर तो आवाज रानात लांबवर जातो. तेही बहुतेक वेळा मारामारी टळावी म्हणून: माझा आकार ओळख आणि वाटेला लाग. डोंगरी गोरिला दिवसभर पाला, देठ, बांबूचे कोंब खातो आणि रोज संध्याकाळी पाला-फांद्या दुमडून नवा बिछाना करतो. हा हिंस्र?

मूठ कुणाची असते ते मी पाहिलं आहे. २०१२च्या दिवाळीत आम्ही पुण्याहून सहलीने म्हैसूरला गेलो होतो. तिथल्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा पोलो होता, देशातला एकुलता एक गोरिला. पाठमोरा बसून उसाचं कांडं सोलत होता. दाताने साल ओढायची, बाजूला टाकायची, गाभा चघळायचा, कसली म्हणून घाई नाही. आमच्याच बसमधले एक सद्गृहस्थ, वय पन्नाशीचं, पुढे झाले आणि दोन्ही मुठींनी छाती बडवत हूऽहू करू लागले. पोराने मोबाइल धरलेला. पोलोने मान जराशी वळवून तिरक्या नजरेने पाहिलं आणि पुन्हा कांड्याकडे वळला. टक लावून बघणं गोरिलांत उद्धटपणाचं मानतात. आमच्याकडे त्याला सहल म्हणतात. पोलो २०१४ साली गेला. त्या गृहस्थांनी पुढे लेखन सुरू केलं असेल तर कल्पना नाही.

आफ्रिकेतल्या रुवांडात गोरिलांच्या एका तासाच्या भेटीला दीड हजार डॉलर मोजावे लागतात आणि सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, कारण आपला आजार त्यांना लागतो. हे लेखात हवं होतं. शिवाय 'गोरिला संपत चालले' असं सरसकट लिहिणंही चूक. विरुंगाच्या, म्हणजे रुवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या डोंगरांत डोंगरी गोरिला १९८१च्या गणतीत २५४ भरले होते, २०१५-१६ला ६०४. माग काढणारे, पहारेकरी, जंगलात जाऊन औषध देणारे पशुवैद्य यांनी ते राखले. सखल जंगलातल्या गोरिलांचे हाल आहेत हे खरं, पण मग तसं लिहा ना.

आता हे पत्र छापणार असलात तर पूर्ण छापा. मागच्या वेळी सारसबागेजवळच्या फुटपाथवर मी पानभर लिहिलं होतं, तुम्ही चार ओळी ठेवल्यात आणि त्यातली एक माझी नव्हती.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या शब्दकोड्यात उभा शब्द क्र. ७: 'आफ्रिकेतील मोठे माकड, अक्षरे तीन'. ती घरं मी रिकामी सोडली आहेत.

आपली,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०