मानधन वाढले, आता तासही नीट लावा

मदरशांतील डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा ऑक्टोबर २०२४ मधील निर्णय योग्यच आहे. धार्मिक शिक्षणावर सरकारी पैसा कशाला, हा आक्षेप इथे गैरलागू ठरतो, डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतील ही रक्कम गणित, विज्ञान, मराठी अशा विषयांसाठी आहे, कुराण पठणासाठी नव्हे.

माझे म्हणणे वेळापत्रकाबद्दल आहे. आमच्या रावेर-सावदा भागात सकाळी रेहल (कुराण ठेवायची लाकडी घडवंची) काखेत मारून मक्तबला, म्हणजे प्राथमिक धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जाणारे मूल पुढे उर्दू शाळेत बसते. त्याचा दीनही (धर्मही) सुटत नाही आणि शाळाही. अडचण होते ती निवासी मदरशात हिफ्ज, म्हणजे संपूर्ण कुराण मुखोद्गत, करणाऱ्यांची. फजरपासून (पहाटेच्या नमाजापासून) पाठांतर, दुपारी उजळणी आणि डोळे जडावल्यावर विज्ञानाचा तास! अपूर्णांक डोक्यात शिरणार कसे? पहाट हिफ्जलाच हवी, यात वाद नाही. पण नाश्त्यानंतरचे दोन तास गणित-विज्ञानाला द्यावेत. कुराणाचे तीस पारे (भाग) मुखोद्गत करणाऱ्या पोराला इतिहासाच्या सनावळ्या जड जाण्याचे कारण नाही. त्याचा १७ नंबरचा (खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) अर्ज भरून त्याला दहावीला बसवावे. मानधन देताना किती मुले परीक्षेला बसली, हे शिक्षण विभागानेही दरवर्षी विचारावे.

— एक निवृत्त उर्दू शिक्षक, रावेर (जि. जळगाव)